प्रकाशाने कोरलेले तांबे : घरगुती द्विपृष्ठी मुद्रित मंडलांचा इतिहास

सारांश

मुद्रित मंडल म्हणजेच पीसीबी ही वस्तू सामान्यतः मोठ्या कारखान्यांशी जोडली जाते. तथापि प्रकाशसंवेदी थर, अतिनील दिवा आणि फेरिक क्लोराइडचे द्रावण यांच्या साहाय्याने असे मंडल घरी तयार करण्याची परंपराही दीर्घ आहे. या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकातील मुद्रणकलेत कशी आहेत, मुद्रित मंडलाच्या जन्मात एका निर्वासित अभियंत्याच्या भाड्याच्या खोलीचा वाटा काय होता आणि दोन्ही बाजूंना तांबे असलेल्या मंडलाच्या निर्मितीत घर व कारखाना यांच्या वाटा नेमक्या कोठे वेगळ्या झाल्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजशब्द : मुद्रित मंडल, प्रकाशरोधक थर, अतिनील प्रकाश, पॉल आयस्लर, ब्लॉकनिर्मिती, द्विपृष्ठी पीसीबी.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना संशोधक आणि कारखाना या दोन घटकांना प्राधान्य मिळते. तयार तंत्र आपल्या घरात, आपल्या मर्यादित साधनांनी पुन्हा उभे करणारा तिसरा घटक मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. रेडिओ जुळवणारे हौशी लोक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, छोट्या दुरुस्ती दुकानांचे चालक हे सारे या तिसऱ्या वर्गात मोडतात. १९७० नंतरच्या काळात या वर्गाने जी तंत्रे आत्मसात केली, त्यांत अतिनील प्रकाशाने मुद्रित मंडल तयार करणे हे एक महत्त्वाचे तंत्र होय.

या तंत्राचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. काच-तंतू व इपॉक्सी यांच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ३५ मायक्रॉन असते. या तांब्यावर प्रकाशसंवेदी पदार्थाचा थर देतात. मंडलाची आकृती पारदर्शक फिल्मवर काढून ती या थरावर ठेवतात व वरून अतिनील प्रकाश टाकतात. नंतर पाटी विकासक द्रावणात बुडवली की थराचा नको असलेला भाग धुऊन जातो. उघड्या पडलेल्या तांब्याला फेरिक क्लोराइड खाऊन टाकते आणि थराखाली सुरक्षित राहिलेले तांबे वाहक मार्गांच्या रूपाने शिल्लक उरते. या सर्व क्रियांत विद्युत्शास्त्राचा संबंध केवळ आकृतीपुरता आहे. उरलेले सारे काम मुद्रकाचे आहे. म्हणून या इतिहासाचा आरंभही मुद्रणकलेपासूनच करावा लागतो.

२. मुद्रणकलेतील पूर्वपीठिका

प्रकाशाने एखादा पदार्थ कठीण होतो आणि न उजळलेला भाग धुऊन काढता येतो, या तत्त्वाचा पहिला यशस्वी उपयोग फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने केला. त्याने ज्यूडियाचे डांबर या नावाने ओळखला जाणारा नैसर्गिक पदार्थ धातूच्या पत्र्यावर पसरला. तेल लावून पारदर्शक केलेले छापील चित्र त्यावर ठेवून त्याने पत्रा उन्हात ठेवला. जेथे ऊन पोहोचले तेथील डांबर कठीण झाले. रेषांखालील डांबर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळून गेले. उघड्या पडलेल्या धातूवर अम्लाची क्रिया करून कोरीव पत्रा तयार करण्यात आला. १८२६ च्या सुमारास कार्डिनल द'आंब्वाझ याच्या चित्राची प्रत निएप्सने या रीतीने सिद्ध केली. फिल्म, प्रकाश, विकासक आणि अम्ल ही चारही अंगे येथे पूर्णपणे उपस्थित आहेत. कागदाला तेल चोळून तो प्रकाशाला पारदर्शक करण्याची त्याची युक्ती पुढे दीडशे वर्षांनी मासिकातील आकृतीवरून मंडल करणाऱ्या हौशी कारागिरांनीही वापरली.

यानंतरचा टप्पा बायक्रोमेटचा. पोटॅशियम बायक्रोमेट प्रकाशसंवेदी आहे, हे स्कॉटलंडमधील मंगो पॉन्टन याने १८३९ मध्ये दाखवून दिले. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८५२ मध्ये बायक्रोमेट व जिलेटिन यांच्या मिश्रणाचा उपयोग करून धातूच्या पत्र्यावर छायाचित्र कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८५८ च्या सुधारित पद्धतीत त्याने कोरण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरले. आज घरगुती कारागिराच्या प्लॅस्टिकच्या तबकात दिसणारे तपकिरी द्रावण म्हणजे टॅलबटच्याच द्रावणाचा वारसा होय. तांबे कोरताना फेरिक क्लोराइडमधून वायू निघत नाही आणि त्याची क्रिया संयतपणे चालते. या गुणांमुळेच ते दीर्घकाळ टिकले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच तत्त्वावर चित्रांचे ब्लॉक करण्याचा व्यवसाय उभा राहिला. भारतातही हा व्यवसाय लवकरच रुजला. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले दादासाहेब फाळके यांनी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा ब्लॉकनिर्मिती व मुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित होण्यापूर्वीच्या त्यांच्या या कारकिर्दीकडे चित्रपटाची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. तथापि धातूवर प्रकाशाने चित्र उमटवून ते कोरण्याची विद्या महाराष्ट्रात विद्युत् मंडलाच्या कितीतरी आधी आली होती, याचीही ती साक्ष आहे. मराठी वृत्तपत्रे व दिवाळी अंक यांतील चित्रे अनेक दशके अशाच जस्ताच्या ब्लॉकवरून छापली जात होती.

३. हॅम्पस्टेडच्या खोलीतील प्रयोग

तारांऐवजी सपाट वाहक पट्ट्या वापरण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच पुढे आली होती. आल्बर्ट हॅन्सन याने १९०३ मध्ये ब्रिटिश पेटंटसाठी केलेल्या अर्जात विद्युत्रोधक पाटीवर चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्यांचे वर्णन आहे. त्या पट्ट्या दोन्ही बाजूंना असाव्यात व छिद्रांतून एकमेकींना जोडाव्यात, असेही त्यात सुचवलेले आहे. म्हणजे द्विपृष्ठी मंडलाची कल्पना मुद्रित मंडलाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९२५ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ड्यूकास याने साच्यातून वाहक शाई उमटवून तिच्यावर धातूचा मुलामा देण्याची पद्धत मांडली. परंतु या दोन्ही पद्धतींत धातू 'घालावा' लागत होता. मुद्रकाप्रमाणे धातू 'काढून' आकृती सिद्ध करण्याचा विचार पॉल आयस्लर याने रुजवला.

आयस्लरचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे ज्यू कुटुंबात झाला. १९३० मध्ये तो अभियंता झाला. परंतु ज्यूद्वेषाच्या वातावरणात त्याला स्वदेशी योग्य काम मिळेना. काही काळ त्याने व्हिएन्नातील एका प्रकाशनसंस्थेत काम केले. तेथेच मुद्रणाच्या यंत्रांशी व प्रक्रियांशी त्याचा निकटचा परिचय झाला. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील निवासगृहाच्या एका खोलीत त्याने मुद्रित मंडलावर आधारलेला रेडिओ तयार केला. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. पुढे अवाढव्य उद्योगाचा पाया ठरलेल्या या वस्तूचा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झाला नव्हता. नोकरी नसलेल्या एका परक्या माणसाच्या राहत्या खोलीत तो घडला होता.

आयस्लरने आपला शोध प्लेसी या कंपनीपुढे ठेवला. पण तो नाकारण्यात आला. तारा जोडण्याचे काम कारखान्यातील मुली करतात, ते स्वस्त पडते आणि त्यात हवा तसा बदलही करता येतो, असे कारण देण्यात आले. या नकारातून त्या काळच्या रेडिओ उद्योगाचे अर्थकारण उघड होते. स्त्रियांचे हस्तकौशल्य अल्प मजुरीत उपलब्ध होते, तोवर नव्या तंत्राची निकड कोणालाच भासत नव्हती.

महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आयस्लरला स्थानबद्ध करण्यात आले. १९४१ मध्ये मुक्तता झाल्यानंतर हेंडरसन अँड स्पाल्डिंग या लंडनमधील लिथोग्राफी व्यवसायातील संस्थेने त्याला आश्रय दिला. रेडिओ कंपनीने नाकारलेला शोध एका मुद्रकाने स्वीकारावा, ही घटना या तंत्राच्या स्वभावाशी सुसंगत आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये आयस्लरने पेटंटसाठी अर्ज केला.

४. युद्ध, उद्योग आणि मालकीचा प्रश्न

मुद्रित मंडलाला खरी गती युद्धाच्या गरजांमुळे मिळाली. विमानवेधी तोफगोळ्यांतील सान्निध्य-स्फोटकासाठी लहान, दणकट आणि एकसारखी मंडले मोठ्या संख्येने हवी होती. अमेरिकेत त्यासाठी सिरॅमिकवर चांदीयुक्त शाई उमटवण्याची पद्धतही विकसित झाली. युद्धोत्तर काळात मात्र तांब्याचा पत्रा कोरण्याची पद्धतच प्रभावी ठरली. १९४९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रॅमसन व स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी घटकांची टोके पाटीच्या छिद्रांतून घालून सर्व सांधे एकाच वेळी वितळलेल्या डाखात बुडवून जोडण्याची रीत विकसित केली. त्यामुळे हाताने एकेक सांधा जोडण्याचे काम झपाट्याने कमी झाले.

आयस्लरला मात्र या भरभराटीचा लाभ अल्पच मिळाला. १९५७ मध्ये तो टेक्नोग्राफ या पेटंटधारक कंपनीतून बाहेर पडला. १९६३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ही पेटंटे अवैध ठरवली. ब्रिटनमधील वादही हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९७१ मध्ये तेथेही निकाल पेटंटधारकाच्या विरोधात लागला. मुद्रणातील जाणकाराला ही पायरी सहज सुचण्यासारखी होती, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद प्रभावी ठरला. ज्या मुद्रणपरंपरेने आयस्लरला त्याचा शोध दिला, तीच परंपरा न्यायालयात त्याच्या विरोधात उभी राहिली. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

५. प्रकाशरोधक थराचे बदलते रसायन

बायक्रोमेटयुक्त थर फार काळ टिकत नसे. तो लावल्यावर लवकरच वापरावा लागे. शिवाय बायक्रोमेट विषारी आहे. घरगुती वापरासाठी आधीच थर दिलेली, महिनोन्महिने अंधारात टिकणारी पाटी आवश्यक होती. ती दोन वेगवेगळ्या रासायनिक शोधांमुळे शक्य झाली.

पहिला शोध ईस्टमन कोडॅक कंपनीतील लुई मिन्स्क व त्याच्या सहकाऱ्यांचा. पॉलिव्हिनिल सिनॅमेट या पदार्थाचे रेणू प्रकाशामुळे एकमेकांना बांधले जातात व थर अविद्राव्य होतो. १९५० च्या दशकात या पदार्थावर आधारित रोधक बाजारात आला. १९५५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील ज्यूल्स अँड्रस व वॉल्टर बाँड यांनी ब्लॉकनिर्मितीची हीच रीत सिलिकॉनवर वापरून पाहिली आणि तेथून एकात्मिक मंडलाकडे जाणारा रस्ता खुला झाला.

दुसरा शोध जर्मनीतील काले कंपनीत ऑस्कर स्यूस याने केलेला. त्याच्या डायझोनॅफ्थोक्विनोन या संयुगावर प्रकाश पडला की त्यातून नायट्रोजन बाहेर पडतो, रेणूची रचना बदलते आणि शेवटी अम्लगुणी पदार्थ तयार होतो. तो सौम्य अल्कलीत विरघळतो. म्हणजे येथे क्रिया उलट आहे. उजळलेला भाग निघून जातो व सावलीतील भाग टिकतो. त्यामुळे फिल्मवरील काळी रेषा हीच तांब्यावरील रेषा ठरते. मधली उलटी प्रत करण्याची गरज राहत नाही. मुळात छपाईच्या पत्र्यांसाठी सिद्ध झालेले हे रसायन घरगुती पीसीबीसाठी विशेष अनुकूल ठरले, त्याचे एक कारण हे होय. दुसरे कारण असे की, साधे कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण त्याला विकासक म्हणून पुरते. लिटरभर पाण्यात सात ते दहा ग्रॅम सोडा, एवढे प्रमाण पुष्कळ होते. १९६८ मध्ये ड्यू पाँट कंपनीने कोरड्या फिल्मच्या स्वरूपातील रोधक आणला. तो मात्र निगेटिव्ह स्वरूपाचा होता.

६. घरगुती पद्धतीचा प्रसार

या पाट्यांना लागणारा प्रकाश ३५० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला असतो. कीटकांना आकर्षित करणाऱ्या सापळ्यांतील नळ्या नेमका असाच, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात. त्यामुळे लाकडी पेटी, चार नळ्या आणि वर काच एवढ्या साहित्यावर प्रकाशपेटी उभी राहू लागली. जुन्या स्कॅनरची पेटी यासाठी वापरणारेही अनेक होते. नळ्याही नसतील तर ऊन होतेच. मात्र ढगांमुळे त्याचा भरवसा नसे. पाटीच्या तुकड्यावर टप्प्याटप्प्याने आच्छादन सरकवून योग्य वेळ ठरवण्याची रीत छायाचित्रकाराच्या अंधारखोलीतून तशीच उचललेली होती.

खरी अडचण आकृतीची होती. १९८० पूर्वी काळ्या चिकटपट्ट्या व गोल चकत्या पारदर्शक फिल्मवर दुप्पट आकारात चिकटवून आकृती सिद्ध केली जाई व नंतर छायाचित्रणाने ती लहान करून घ्यावी लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेझर प्रिंटर आणि संगणकावरील आरेखनाच्या प्रणाली आल्या. १९८८ मध्ये जर्मनीतून ईगल आणि १९९२ मध्ये फ्रान्समधून कायकॅड या प्रणाली पुढे आल्या. तेव्हापासून आकृती एका बैठकीत फिल्मवर उतरू लागली. आकृती छापलेली बाजू तांब्यालगत ठेवण्याचा दंडकही याच काळात सर्वमान्य झाला. छपाई वरच्या अंगाला राहिली, तर फिल्मच्या जाडीतून प्रकाश बाजूला पसरतो आणि बारीक रेषा कुरतडल्या जातात.

महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर ही या व्यवहाराची केंद्रे राहिली. कॉपर क्लॅड, फेरिक क्लोराइड, बारीक ड्रिल आणि डाखाची तार तेथे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा दरात मिळे. प्रकाशसंवेदी थर दिलेली पाटी मात्र तुलनेने महाग असे. त्यामुळे रंगाने वा मार्करने रेषा काढणे किंवा गुळगुळीत कागदावरील छपाई इस्त्रीने तांब्यावर उतरवणे हे मार्ग येथे अधिक रूढ झाले. एका बाजूच्या साध्या मंडलाला ते पुरतही. दुसरी बाजू आली की त्यांची मर्यादा स्पष्ट होई.

७. दुसऱ्या बाजूचा प्रश्न

एकाच पातळीवर वाहक मार्ग एकमेकांना छेदू शकत नाहीत. घटकांची संख्या वाढली की काही मार्ग दुसऱ्या बाजूने न्यावेच लागतात. सूक्ष्मप्रक्रियक व स्मृतिघटक यांचा प्रसार झाल्यावर हौशी कारागिरालाही द्विपृष्ठी मंडल टाळता येईना. येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला दोन आकृती एकमेकींवर तंतोतंत बसवण्याचा आणि दुसरा दोन बाजू छिद्रातून जोडण्याचा.

पहिल्या प्रश्नाची तीव्रता अंकांनी स्पष्ट होते. छिद्राभोवतालची चकती १.५ मिलिमीटर व्यासाची आणि छिद्र ०.८ मिलिमीटरचे असेल, तर छिद्राभोवती तांब्याचे कडे केवळ ०.३५ मिलिमीटर उरते. दोन बाजूंच्या आकृती एकमेकींपासून अर्धा मिलिमीटर जरी सरकल्या, तरी एका बाजूचे कडे तुटते. यावर कारागिरांनी शोधलेला उपाय साधा आहे. दोन्ही फिल्म उजेडासमोर धरून चकतीवर चकती जुळवायची आणि त्यांच्या कडा पाटीइतक्याच, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांना चिकटवून लिफाफा तयार करायचा. संवेदी पाटी मंद पिवळ्या उजेडात या लिफाफ्यात सरकवली, की ती उलटली तरी जुळणी हलत नाही. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने फिल्म किंचित आकसते. म्हणून दोन्ही फिल्म एकाच प्रिंटरमधून, एकाच दिशेने काढाव्यात, हा बारकावाही अनुभवातून आला. बहुरंगी छपाईत एका रंगावर दुसरा रंग अचूक बसवणाऱ्या मुद्रकाची ही जुनीच चिंता होती.

इस्त्रीच्या पद्धतीत येथेच अडचण येते. उष्णतेने कागद सरकतो आणि एका बाजूची शाई दुसरी बाजू तापवताना पुन्हा मऊ होते. प्रकाशपद्धतीत पाटीला उष्णता वा दाब सोसावा लागत नाही. दुसऱ्या बाजूसाठी अतिनील प्रकाश श्रेष्ठ ठरला तो या कारणाने.

छिद्राचा प्रश्न मात्र प्रकाशाने सुटत नाही. कारखान्यात आधी छिद्रे पाडतात, त्यांच्या आतील भिंतीवर पॅलेडियमच्या साहाय्याने तांब्याचा अतिसूक्ष्म थर बसवतात आणि नंतर विद्युत् मुलाम्याने तो जाड करतात. त्यासाठी लागणारी द्रावणे, त्यांचे नियंत्रण आणि सांडपाण्याची व्यवस्था घराच्या आवाक्याबाहेरची असते. घरी प्रत्येक छिद्रातून तारेचा तुकडा घालून तो दोन्ही बाजूंनी डाखाने जोडावा लागतो, किंवा पोकळ रिव्हेट ठोकावा लागतो. या मर्यादेचा परिणाम आरेखनावर होतो. ज्याची वरची बाजू डाखता येणार नाही अशा सॉकेटखाली जोड ठेवायचा नाही, वरच्या बाजूने शक्य तितके कमी मार्ग न्यायचे, जोडांची संख्या मोजून खर्च करायची, अशी शिस्त घरगुती कारागिराच्या अंगी बाणते. पृष्ठभागावरच जोडले जाणारे घटक १९८० च्या दशकानंतर रूढ झाले, तेव्हा छिद्रांची संख्या घटली व हा भार काहीसा हलका झाला.

या पद्धतीचा दोषही नमूद करणे आवश्यक आहे. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये विरघळलेले तांबे असते व ते जलचरांना घातक आहे. कारखान्यावर सांडपाण्याचे निर्बंध असतात. मोरीत द्रावण ओतणाऱ्या व्यक्तीवर देखरेख कोणाचीच नसते. कॉस्टिक सोडा आणि अतिनील प्रकाश यांपासून हात व डोळे जपण्याची जबाबदारीही सर्वस्वी त्याच्यावरच येते.

८. समारोप

२०१० नंतरच्या दशकात परिस्थिती पालटली. संगणकावरील आरेखन परस्पर कारखान्याकडे धाडून, छिद्रांत मुलामा दिलेली द्विपृष्ठी मंडले अल्प दरात व थोड्या संख्येनेही मागवता येऊ लागली. विशेषतः चीनमधील शेन्झेन परिसरातील उत्पादकांनी हा व्यवहार सुलभ केला. छिद्राच्या प्रश्नावर घराला जे उत्तर सापडले नव्हते, ते कारखान्याने स्वस्तात देऊ केले. साहजिकच घरगुती प्रकाशपेटीची निकड ओसरली.

तरीही तिचे ऐतिहासिक महत्त्व उणावत नाही. मुद्रित मंडल खोलीत जन्मले, युद्धामुळे कारखान्यात गेले आणि मुद्रणाच्या रसायनामुळे पुन्हा खोलीत परतले. या परतीच्या काळात हजारो विद्यार्थ्यांना आकृती, सावली, रसायन आणि धातू यांचा परस्परसंबंध स्वतःच्या हातांनी अनुभवता आला. आज एकात्मिक मंडले ज्या तत्त्वावर घडवली जातात, ते प्रकाशाने कोरण्याचे तत्त्व सामान्य माणसाच्या मेजावर पूर्णांशाने दिसण्याचे जवळजवळ एकमेव ठिकाण ही पेटी होती. मंडल विकत घेणे सोपे झाले, ही प्रगतीच आहे. परंतु ते कसे घडते याचे ज्ञान त्या सोयीबरोबर हातातून निसटू नये, यासाठी अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या पद्धतीला स्थान राहणे उचित ठरेल. एकाच उत्पादनस्थानावर विसंबणाऱ्या समाजाला आपल्या हाताने तांबे कोरता येणारी काही माणसे नेहमीच लागतात.